कोऱ्या कापडाच्या बारा गाड्या

एका राज्यात माघ शुद्ध द्वितीया होती, वार बुधवार. दिवसभर उत्तरेचा कोरडा वारा वाहत होता. दुपारी चार ढग आले, ते ऊन उतरायच्या आत निघून गेले, आणि सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बिजेची कोर नखाएवढी पण स्वच्छ दिसली. राज्याच्या रिवाजाप्रमाणे राजापासून गुराख्यापर्यंत सगळे अंगणात आले. प्रत्येकाने अंगावरच्या वस्त्राची एक दशी, म्हणजे काठाचा सुटा धागा, ओढून काढली, तळहातावर ठेवून चंद्राकडे फुंकली आणि म्हटलं, 'जुनं घे, नवं दे.' असं दर महिन्याला चालत आलं होतं. चंद्राने आजवर कोणाला काही दिलं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा वेशीपाशी बारा गाड्या उभ्या होत्या. बैल पांढरे होते आणि त्यांच्या खुरांचे ठसे धुळीत उमटले नव्हते. पहिल्या गाडीवर एक माणूस उभा होता, गळ्यापासून टाचेपर्यंत शुभ्र वस्त्रात गुंडाळलेला. अंगाने तो चांगलाच जाड दिसत होता, पण चेहरा मात्र वाळलेल्या पानासारखा. त्याने आपलं नाव धवलनाथ सांगितलं. तो म्हणाला की मी चंद्राचा कारभारी. तुम्ही इतकी वर्षं मागत होता ते चंद्राने ऐकलं. जुनं आणा, नवं न्या, नगाला नग.

राजा मानकेसर भला माणूस होता, आणि भल्या माणसांसारखाच चटकन विश्वास ठेवणारा. त्याने आपला अंगरखा सर्वांत आधी गाडीत टाकला आणि दवंडी पिटवली. मग काय विचारता. लोकांनी लुगडी आणली, धोतरं आणली, पटके, चोळ्या, घोंगड्या, पोरांच्या कुंच्या आणल्या. जितकं दिलं तितकं कोरं, पांढरं, मऊ कापड घेऊन लोक घरी गेले. दिवसभर बारा गाड्यांत कपडे पडत राहिले आणि एकही गाडी भरली नाही.

राजवाड्यामागच्या आळीत धुरपदा नावाची बाई राहत होती. वय पंचेचाळीस, नवरा सहा वर्षांपूर्वी वारलेला, एकच मुलगी. मुलीचं नाव कौतिका, ती राजवाड्यात पाणी भरायच्या कामाला होती. धुरपदा जुन्या कपड्यांच्या वस्तू करत असे: गोधड्या, दुपटी, चुंबळी, पिशव्या, पायपुसणी, आणि ज्याचं काहीच होण्यासारखं नाही त्याच्या दिव्याच्या वाती. कापड हातात आलं की पहिल्यांदा ते उन्हाकडे धरायचं, ही तिची रीत. कुठे विरलं आहे आणि कुठे अजून दम आहे, हे उजेड सांगतो. माणसांनाही ती अशीच उजेडाकडे धरून बघते, असं आळीत म्हणत.

शेजारची ठकूबाई आपलं हिरवं, आंब्यांच्या काठाचं लुगडं देऊन, कोरं नेसून तिच्या दारात आली.

"धुरपदे, ऊठ. तुझ्या चिंध्यांना कधी नव्हे ते दिवस आलेत."

"म्हणूनच बसले आहे," धुरपदा म्हणाली. "चंद्र एक धागा घेतो आणि हा गाड्या भरून घेतो. धन्याला धागा पुरतो, मग कारभाऱ्याला गाड्या कशाला लागतात?"

"कारभारी कुठलाही असला तरी असंच असतं," ठकूबाई म्हणाली, आणि आळी हसली.

धुरपदा हसली नाही. फाटकं घेऊन कोरं देणारा माणूस खुळा तरी असतो नाहीतर चोर तरी, आणि हा तिला खुळा वाटला नव्हता. तिने काही दिलं नाही. पाचव्या दिवशी राजाचे शिपाई घरोघर जुनं कापड शोधू लागले, तेव्हा तिने एक गाठोडं ज्वारीच्या कणगीत पुरलं. त्यात घरातल्या गेलेल्या माणसांचं होतं: सासऱ्याचा पटका, सासूचं लुगडं, नवऱ्याची बाराबंदी; आणि वर तिचं स्वतःचं एक जुनं नेसूचं. शिपायांनी तिचे दोरे नेले, पाटीतले तुकडे नेले. कणगीत हात घालायचा त्यांना कंटाळा आला.

एकादशीला, दिवस बराच वर आल्यावर, कौतिका घरी आली. राजवाड्यात सगळ्या नोकरांना नवी लुगडी मिळाली होती, तीही तेच नेसून आली होती. ती उंबऱ्यात उभी राहिली, मागून ऊन आलं, आणि धुरपदाने हातातलं सूप खाली ठेवलं. लेकीच्या डाव्या कोपरातून ऊन आरपार येत होतं. कमरेवर जिथे कळशी टेकते तिथूनही येत होतं. रक्त नव्हतं, जखम नव्हती. वापरून वापरून लुगडं विरावं तशी पोरगी विरली होती.

"दुखतं का गं?" धुरपदाने विचारलं.

"नाही. हलकं वाटतं. काल वाऱ्याने दोन पावलं मागे ढकललं."

धुरपदाने तिचं लुगडं सोडायला हात घातला. त्याला पदर सापडेना, काठ सापडेना, दशी सापडेना. अंगावर चढेपर्यंत ते लुगडं होतं. चढल्यावर त्याला सुटायची जागाच उरली नव्हती. कातरी लावली, तर कातरीची धार गेली. तिने कणगी उपसून स्वतःचं एक जुनं नेसूचं लेकीला गुंडाळून पाहिलं, पण काही फरक पडला नाही. ते आईच्या अंगावर, आईऐवजी झिजलेलं. लेकीऐवजी झिजायचं त्याला माहीत नव्हतं.

मग ती आळीतून फिरली आणि सगळ्यांना उजेडाकडे धरून पाहिलं. ठकूबाईच्या टाचा विरल्या होत्या. लोहाराचा उजवा खांदा विरला होता. दळणाऱ्या बायकांचे तळहात इतके पातळ झाले होते की जात्याचा खुंटा पलीकडून दिसे. ज्याचं जिथे जास्त घासतं, तो तिथे विरत होता. कापडाचं काम माणसाऐवजी झिजण्याचं. हे कापड झिजत नव्हतं, म्हणून माणसाला झिजावं लागत होतं. एवढं तिला कळलं. धवलनाथ जुने कपडे घेऊन त्यांचं करतो काय, ते मात्र कळेना, आणि न कळलेली गोष्ट तिला रात्रंदिवस टोचत असे.

परसात अंजिराचं झाड होतं. त्यावर एक शिंपी पक्षी राहत होता, पानं शिवून घरटं करणारा. तो म्हणाला, "बाई, उद्याच दरबारात जा."

"तुला कोणी पाठवलं?" धुरपदाने विचारलं.

पक्षी पानाआड सरकला. त्याच्यावर तिचा विश्वास बसला नाही, पण जायचं तिने आधीच ठरवलं होतं.

द्वादशीला, शनिवारी, ती दरबारात उभी राहिली आणि जे पाहिलं ते सांगितलं, लेकीला गाठोड्यातलं जुनं गुंडाळून पाहिलं तेही. राजाच्या शेजारी धवलनाथ बसला होता. राजाने ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं की सगळ्या राज्याने जुनं दिलं असताना हिच्याकडे गाठोडं कसं. लपवणाऱ्याचा शब्द धरावा का. हे विचारताना तो आपला उजवा हात शालीखाली घेत होता, ते धुरपदाच्या नजरेतून सुटलं नाही. करंगळीतल्या अंगठीने राजमुद्रा उठवून उठवून त्याची ती करंगळी काचेसारखी झाली होती.

धवलनाथ उठला. त्याच्या आवाजात गोडवा होता, पण बोलताना तो मध्ये श्वास घेत नव्हता.

"माते, जुन्या कापडात दम आहे म्हणता, तर दाखवा. तीन कामं सांगतो. लागेल ते साहित्य मी देईन, मागाल ते देईन, चंद्राची शपथ. तिन्ही साधली तर राज्याचे कपडे परत. एक चुकलं तर तुमचं गाठोडं आणि तुमची मुलगी माझ्या गाडीत. पुढच्या बिजेपर्यंत मुदत."

"मुलगी कशाला?" राजाने विचारलं.

"चांगली विरत आली आहे, महाराज. बिजेला तिचा धागा होईल. माझ्या उपयोगाची आहे."

धुरपदाने हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तरी बीज येणारच होती. पण घरी जाताना तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: लागेल ते देईन, असं हा आपण होऊन का म्हणाला? न मागता देणाऱ्याच्या मनात काय असतं?

पहिलं काम चुंबळीचं. किल्ल्यावर पाषाणाचा रांजण होता, बारा गडी लावल्याशिवाय न हलणारा. तो नदीच्या पाण्याने काठोकाठ भरून, डोक्यावर घेऊन, एका बाईने दरबारात यावं, मान वाकता कामा नये, आणि डोक्याखाली जुन्या कापडाच्या चुंबळीखेरीज काही असू नये.

तिने सासऱ्याचा पटका काढला. सासरा हमाल होता. त्याने तीस वर्षं किल्ल्यावर दगड वाहिले, ते या पटक्यावर. ओझं कुठे घ्यायचं आणि कुठे सोडायचं हे त्या कापडाला पाठ झालं होतं. पण शिवायला दोरा नव्हता. तिने कबुलीप्रमाणे धवलनाथाकडे दोरा मागितला. त्याने लगेच पांढरं रीळ दिलं. तिने ते उन्हाकडे धरलं, तर दोऱ्याची सावली पडेना. तिने रीळ चुलीमागे टाकून दिलं.

"माझ्या घरट्यातला दोरा घे," शिंपी पक्षी म्हणाला.

"बदल्यात काय?"

"काही नाही."

"मग नको."

पक्षी चिडून दोन फांद्या वर गेला, पुन्हा खाली आला. "बरं, ऐक. तुम्ही बिजेला दश्या फुंकता, त्या चंद्रापर्यंत जात नाहीत. झुडपांत अडकतात. त्यांनीच आम्ही पानं शिवतो. या पांढऱ्या कापडाला दशी नाही. पुढच्या बिजेला कोणी काही फुंकणार नाही, आणि चैत्रात आमची पिल्लं खाली पडतील."

"हे आधी सांगायचंस," धुरपदा म्हणाली. "तुझं अडलं आहे हे कळलं, आता घेते."

पौर्णिमेला तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि शिपायांनी रांजण वर चढवला. नदीपासून दरबारापर्यंत चौदाशे पावलं. रांजण तिला गवताच्या पेंढीएवढा लागला. दरबारात तिने तो उतरवला, तेव्हा फरशीला तडा गेला. थेंबभर पाणी सांडलं नव्हतं. लोक बोलू लागले, पण धुरपदा धवलनाथाकडे बघत होती. त्याने चुंबळ उचलून नाकाशी नेली, बराच वेळ हुंगली, आणि विचारलं, "कोणाची?" भुकेल्या माणसाने शेजारच्या घरात काय शिजतं आहे हे विचारावं, तसा आवाज. तिने चुंबळ त्याच्या हातातून काढून घेतली.

दुसरं काम पिशवीचं. किल्ल्याच्या सोंडेवर, त्या पुढे आलेल्या कड्यावर, भर दुपारी जो वारा सुटतो, तो जुन्या कापडाच्या पिशवीत धरून दरबारात आणायचा आणि सगळ्यांसमोर सोडायचा.

तिने सासूचं लुगडं काढलं. सासूचं सगळं आयुष्य त्या एका लुगड्याला ठिगळं लावण्यात गेलं होतं. शेवटी मूळ कापड चार बोटं उरलं आणि बाकी सगळी ठिगळंच. प्रत्येक ठिगळ म्हातारीने थंडी आत येऊ नये म्हणून लावलेलं. त्या कापडाला वारा अडवण्यापलीकडे दुसरं काही येतच नव्हतं. धुरपदाने उलटी शिवण घालून त्याची पिशवी केली आणि वद्य पंचमीला सोंडेवर गेली. वारा पिशवीत शिरला. तिने नाडी ओढली. आत रेडकू धडपडावं तशी पिशवी धडपडत राहिली, पण एकही टाका उसवला नाही.

कौतिका तेव्हा आईबरोबर दरबारात आली होती. तिला आता दारातून आत यायलाही चौकट धरावी लागे. आईने तिला खांबाला आपल्या पदराने बांधलं आणि मगच पिशवीची नाडी सोडली. वाऱ्याने मशाली विझवल्या, प्रधानाची पगडी नेली, आणि धवलनाथाचं पांढरं वस्त्र घोट्यापासून वीतभर उचललं. त्याने ते चटकन दाबलं. पण तेवढ्यात धुरपदाने पाहिलं: खाली हिरवा काठ होता, आंब्यांचा, आणि त्याच्याखाली निळा, त्याच्याखाली तांबडा.

घरी आल्यावर तिने ठकूबाईला विचारलं की लुगड्याच्या काठाला आंबे किती होते.

"हातभर काठात सात, आणि एक उलटा विणलेला," ठकूबाई म्हणाली. "का गं? मिळायचं आहे की काय परत? टाचा गेल्या माझ्या, चालताना घसरते मी. आमचे हे म्हणतात, आता तुझी पावलं वाजत नाहीत, घर शांत झालं."

धुरपदाने उलटा आंबा पाहिला होता. आता तिला कळलं की माणूस जाड का दिसतो आणि चेहरा वाळलेला का. तो लोकांचे कपडे एकावर एक आपल्या अंगावर चढवत होता. त्याच्या वाट्याची झीज ते कपडे सोसत होते, आणि कपड्यांच्या वाट्याची लोक.

तिसरं काम फाल्गुन शुद्ध प्रतिपदेला, बुधवारी सांगितलं. मुदतीला एकच दिवस उरला होता. धवलनाथ म्हणाला की मला तीनशे वर्षं झोप नाही. जिच्याखाली मला झोप लागेल अशी गोधडी उद्या संध्याकाळी, बिजेची कोर दिसायच्या आत, मला दे.

"नवऱ्याची बाराबंदी घाल आत," अंजिरावरून पक्षी म्हणाला. "आळीत दरोडा पडला होता तेव्हाही तो घोरत होता, असं माझा आजा सांगायचा."

धुरपदाने बाराबंदी मांडीवर घेतली, आणि तिच्या मनात शंका आली. रांजण सगळ्यांनी पाहिला होता. वारा सगळ्यांना लागला होता. पण झोप लागली की नाही लागली, हे कोण सांगणार? तोच. तो उठून बसेल आणि म्हणेल, लागली नाही. मग गाठोडं गेलं आणि पोरगी गेली. काम अवघड नव्हतंच. तिसरं काम जिंकता येऊ नये म्हणूनच निवडलेलं होतं.

तिने बाराबंदीची घडी घालून ती परत गाठोड्यात ठेवली. समोर कौतिका जमिनीवर पडली होती. तिच्या अंगावर चार विटा ठेवल्या होत्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. तिच्या तळहातातून पलीकडचा दिवा दिसत होता, वातीसकट.

"आई, काम सुरू केलं नाहीस?" तिने विचारलं.

"उद्या त्याच्यासमोर करीन," धुरपदा म्हणाली. "गोधडी शिवायची ती रीतीने शिवायची."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिसऱ्या प्रहरी, ती सुई आणि पक्ष्याचा दोरा घेऊन दरबारात गेली. लेकीला चादरीसारखी घडी करून खांद्यावर नेली. ठकूबाई, लोहार आणि सगळी आळी मागोमाग आली. धुरपदा धवलनाथासमोर मांडी घालून बसली आणि हात पुढे केला.

"कापड द्या."

"कोणतं कापड?"

"तुमचं. गोधडी शिवणारीची सुई आणि हात. कापड ज्याचं त्याचं. ज्याची गोधडी, त्याच्या अंगावर झिजलेलं कापड. दुसऱ्याच्या कापडाची गोधडी कोणी शिवत नाही आणि कोणी पांघरत नाही. महाराज, हे खरं की खोटं?"

राजा म्हणाला, "खरं आहे." राज्यात तान्ह्या पोराच्या दुपट्यालाही त्याच्याच जुन्या बाळुत्यांचं कापड घेत, अशी रीत होती. धवलनाथ दूरचा, त्याला ती माहीत नव्हती.

त्याने गाडीतून एक धोतर आणवलं. धुरपदाने ते झरोक्याच्या उन्हाकडे धरलं. ती म्हणाली की हे गुडघ्यापाशी विरलं आहे; जो गुडघे टेकून काम करतो त्याचं; हे कुंभाराचं. कुंभार पुढे आला. धोतर त्याच्या अंगाला लागलं, आणि त्याच्यावरचं पांढरं कापड दंव उतरावं तसं उतरून गेलं. धवलनाथाने दुसरं आणवलं. ते गवळ्याचं निघालं. तिसरं दाईचं. ती एकेक वस्त्र उजेडाकडे धरी आणि मालकाकडे फेकी. धवलनाथाने मग गाडीतून आणवणं बंद केलं.

"माझं जुनं नाही," तो म्हणाला.

"तुम्ही शपथ घेतली आहे. लागेल ते देईन, मागाल ते देईन. मी मागते आहे. अंगावरचं पांढरं काढा."

तो हलला नाही. राजाने शालीखालून हात बाहेर काढला. करंगळी आता जवळजवळ नव्हतीच. त्याने ती सगळ्या दरबाराला दाखवली आणि म्हटलं, "कारभारी, शपथ चंद्राची आहे, आणि आज बीज आहे. काढा."

धवलनाथाने पांढरं वस्त्र सोडलं. खाली ठकूबाईचं हिरवं होतं. धुरपदाने ते ओढून ठकूबाईकडे दिलं. त्याखाली निळं, त्याखाली तांबडं, त्याखाली घोंगडी, पटका, अंगरखा. प्रत्येक थराबरोबर तो बारीक होत गेला. झरोक्यातलं ऊन भिंतीवर चढू लागलं. धुरपदाचे हात भराभर चालत होते, पण प्रत्येक वस्त्र ती उजेडाकडे धरूनच देत होती, कारण चुकून दुसऱ्याचं दिलं तर ते लागू पडत नाही. लोहार आपलं घेऊन बाजूला झाला. राजाचा अंगरखा आला. ऊन छताला पोचलं. कौतिकाचं मात्र येईना.

खांद्यावरची घडी इतकी हलकी झाली होती की धुरपदाने दोनदा हात लावून ती आहे का ते पाहिलं.

"ज्या मुलीचा धागा करायचा होता, तिचं लुगडं कुठे ठेवलंत?" तिने विचारलं.

धवलनाथाने छातीवर हात घेतला, आणि तिला ते पुरे झालं. जे हातचं जाऊ द्यायचं नसतं, ते माणूस सर्वांत आत ठेवतो. तिने मधले सात थर एकदम ओढले. त्यांच्याखाली पिवळं लुगडं होतं, कमरेला कळशीच्या घासण्याने पांढरं पडलेलं. तेवढं एकच तिने उजेडाकडे धरलं नाही. घडी खांद्यावरून उतरवली, उलगडली आणि त्यात गुंडाळली. ऊन छतावरून गेलं. लुगड्यात वजन आलं, मग गुडघे आले, मग लेकीने नाक शिंकरलं.

पश्चिमेच्या खिडकीत बिजेची कोर दिसायला घटकाभर अवकाश होता.

धवलनाथाच्या अंगावर आता एकच वस्त्र होतं, छातीवर बांधलेलं, हातभर लांबीचं. ते तान्ह्या पोराचं झबलं होतं, राजघराण्याचं, जरीची बटणं असलेलं, खांद्यावर दुधाचा डाग असलेलं. त्याच्यामागचा माणूस इतका विरला होता की त्याच्यातून खांबावरचं नक्षीकाम मोजता येत होतं. मग त्याने सांगितलं. तीनशे वर्षांपूर्वी तो एका राज्याचा राजा होता. एकदा घातलेलं वस्त्र तो पुन्हा घालत नसे आणि दुसऱ्या कोणाला वापरूही देत नसे, जाळून टाकी. थंडीत एका विणकरणीने आपल्या पोरासाठी त्याच्या जळत्या ढिगातून एक पंचा ओढला, म्हणून त्याने तिचे हात बांधले. तिने शाप दिला की तुझं वस्त्र झिजणार नाही, तू झिजशील. त्याच्या आईने तेवढं एक झबलं लपवलं होतं, म्हणून ते जळायचं राहिलं.

लोक म्हणाले, याला असाच विरू द्या. प्रधान म्हणाला, गडावरून सोडा, वारा नेईल. राजाने धुरपदाकडे पाहिलं.

"गोधडी सांगितली आहे," ती म्हणाली. "काम घेतलं ते टाकता येत नाही. झबलं द्या."

त्याने दिलं. देताना त्याची बोटं तिच्या बोटांतून आरपार गेली. तिने झबलं खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडाकडे धरलं. बगलेत थोडं विरलं होतं, म्हणजे एके काळी हे पोर हातपाय हलवत असे. तिने ते चौपदरी केलं, कडेने सुरुवात करून आत आत धावदोरा घातला, जशी गोधडी घालतात, आणि मधोमध गाठ मारली. तळहाताएवढी गोधडी झाली. ती तिने त्याच्या अंगावर ठेवली.

"झोप लागली की नाही, ते तुम्हीच सांगायचं," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. सगळे वाट बघत राहिले. धुरपदा त्याच्या तोंडाजवळ वाकली आणि तिला पहिल्यांदा त्याचा श्वास ऐकू आला. मग तो घोरू लागला. खिडकीत कोर दिसली.

धवलनाथ सहा दिवस झोपला. अष्टमीला जागा झाला, तेव्हा तो साठ-पासष्ट वर्षांचा साधा म्हातारा होता आणि त्याला भूक लागली होती. गाड्या आणि बैल बिजेनंतर कोणी पाहिले नाहीत. गाड्यांतले कपडे मैदानात ढीग होऊन पडले होते. ते वाटायला अकरा दिवस लागले. तीन माणसांचे कपडे सापडले नाहीत, ती तिघं बिजेच्या संध्याकाळीच गेली. राजाची करंगळी शेवटच्या पेरापर्यंत भरून आली, ते पेर आलं नाही. दवंडी पिटवून ते पांढरं कोरं कापड वापरायला मनाई झाली. म्हाताऱ्याला धुरपदाच्या आळीत चिंध्या धुण्याच्या कामावर ठेवलं. कौतिका फाल्गुन वद्य चतुर्थीपासून पुन्हा पाणी भरू लागली.